गावाचे म्हणणे

प्रास्ताविक

धरण, खाण, वीजकेंद्र, तेलविहीर किंवा महामार्ग यांसारखा मोठा प्रकल्प एखाद्या परिसरात येतो, तेव्हा त्याचा लाभ दूरवरच्या लोकांनाही मिळतो. त्याची झळ मात्र प्रथम त्या परिसरातील माणसांना, जमिनीला आणि पाण्याला बसते. म्हणून असा प्रकल्प मंजूर होण्यापूर्वी त्याच्या परिणामांची तपासणी व्हावी आणि स्थानिक लोकांचे म्हणणे नोंदवले जावे, अशी तरतूद आपल्या देशाच्या कायद्यात आहे. ही तरतूद नेमकी काय आहे, तिचा आधार सामान्य माणसाला केव्हा मिळतो आणि तो केव्हा हातून निसटतो, हे प्रस्तुत पाठात तमिळनाडूतील कावेरीकाठच्या गावांच्या उदाहरणाने पाहावयाचे आहे.

पाठ

तंजावर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि त्या दरबाराचे कितीतरी कागद मोडी लिपीत लिहिलेले आहेत. शेतात राबणाऱ्या माणसाची भाषा मात्र तमिळ होती. दरबारातील मोडी कागद त्याला वाचता येत नव्हते, आणि ते त्याला वाचता यावेत अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. राजेशाहीत हे चालून गेले. लोकशाहीत चालू नये, असे कायदा म्हणतो. तो तसे कोठे आणि कशा रीतीने म्हणतो, हे समजण्यासाठी आधी ही भूमी कशी आहे ते पाहिले पाहिजे.

तिरुचिरापल्लीजवळ कावेरीला फाटे फुटू लागतात. त्याच्या खालच्या बाजूस कल्लणै हा प्राचीन बंधारा आहे. तो चोळ राजा करिकाल याने बांधला, असे परंपरा सांगते. येथून कावेरी, वेण्णारू आणि त्यांचे असंख्य फाटे-उपफाटे पूर्वेकडे समुद्रापर्यंत पसरत जातात. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि मयिलादुतुरै हे जिल्हे या पाण्यावर जगतात. मेट्टूर धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जूनला उघडतात. पाणी आले की कुरुवै हे भाताचे अल्पमुदतीचे पीक लावतात. त्यानंतर येणारे सांबा हे दीर्घमुदतीचे पीक ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पावसावर वाढते आणि पोंगल सणाच्या सुमारास कापणीला येते. आपल्याकडे जून-सप्टेंबर हाच पावसाळा. तेथे मुख्य पाऊस त्यानंतर येतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

या भातखाचरांच्या खाली, बरेच खोल, कोळशाचे थर आहेत. कोळशाच्या थरात मिथेन वायू अडकलेला असतो. तो मिळवायचा तर थरातील पाणी उपसून काढावे लागते. पाण्याचा दाब कमी झाला म्हणजे वायू सुटा होऊन वर येतो. केंद्र शासनाने २०१० मध्ये मन्नारगुडी परिसरातील सुमारे ६९० चौरस किलोमीटर क्षेत्रात असा वायू काढण्यासाठी ग्रेट ईस्टर्न एनर्जी कॉर्पोरेशन या कंपनीशी करार केला. जानेवारी २०११ मध्ये राज्य शासनानेही तिच्याशी सामंजस्य करार केला. हे क्षेत्र तंजावर आणि तिरुवारूर या जिल्ह्यांत मोडते.

करारात भूगर्भातले पाणी उपसण्याची बाब होती, आणि शेतकऱ्याचे सारे लक्ष तेथेच गेले. समुद्र जवळ आहे. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली तर खारे पाणी आत शिरेल. उपसलेले क्षारयुक्त पाणी कालव्यांत सोडले तर खाचरे नासतील. अशी भीती गावोगाव बोलली जाऊ लागली. देशाला इंधन हवे आहे, हे शेतकऱ्यांनाही नाकबूल नव्हते. त्यांची मुख्य तक्रार वेगळी होती. करार आधी झाला आणि गावाला वार्ता नंतर कळली, असे त्यांचे म्हणणे होते. तंजावर जिल्ह्यात जन्मलेले, शासकीय शेतीसंशोधनाची नोकरी सोडून सेंद्रिय शेतीच्या प्रसाराला वाहून घेतलेले नम्माळ्वार उतारवयात या प्रश्नावर गावोगाव फिरले. अशा फिरतीवर असतानाच ३० डिसेंबर २०१३ रोजी पट्टुकोट्टैजवळ त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुख्यमंत्री जयललिता यांनी प्रकल्पाला स्थगिती देऊन तज्ज्ञ समिती नेमली होती. २०१५ मध्ये राज्य शासनाने प्रकल्पाला परवानगी नाकारली. करारापासून येथवर यायला पाच वर्षे लागली, आणि ती सभा, मोर्चे व उपोषणे यांत गेली. जे म्हणणे एका मांडवात, एका दिवशी, करारापूर्वी ऐकून घेता आले असते, त्यासाठी लागलेला हा काळ आहे.

कायद्याने दिलेली वाट

विकासप्रकल्पाचे परिणाम आधी तपासावेत, ही कल्पना प्रथम अमेरिकेच्या १९७० पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने रूढ केली. भारतात भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. त्याच्या आधाराने २७ जानेवारी १९९४ रोजी एक अधिसूचना निघाली आणि ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना 'पर्यावरणीय आघात मूल्यांकन' बंधनकारक झाले. जनसुनावणीची सक्ती १९९७ मध्ये आली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ही सारी पद्धत नव्याने बांधली; तीच, अनेक दुरुस्त्यांसह, आजही पायाभूत आहे.

या पद्धतीत प्रकल्पाचा प्रकार आणि आकार पाहून त्याची वर्गवारी करतात. 'अ' वर्गातील प्रकल्पांना केंद्र शासन मंजुरी देते, 'ब' वर्गातील प्रकल्पांना सर्वसाधारणपणे राज्यस्तरीय प्राधिकरण. 'ब' वर्गाचे पुन्हा दोन भाग आहेत. त्यांतील 'ब-२' मध्ये गेलेल्या प्रकल्पाला मूल्यांकन अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. एका अक्षरापुढील आकडा इतके काम करतो! वर्ग ठरल्यावर अभ्यासात कोणकोणत्या बाबी पाहायच्या, याची कार्यकक्षा आखून दिली जाते. मसुदा अहवाल तयार होतो. त्यावर लोकांचे म्हणणे घेतात. आणि शेवटी तज्ज्ञांची समिती सर्व कागद पाहून शिफारस करते.

अहवाल कोण तयार करतो? प्रकल्प मांडणाऱ्या प्रस्तावकाने, त्याच्याच खर्चाने नेमलेला सल्लागार. घर विकणाऱ्यानेच घराच्या भक्कमपणाचा दाखला आणावा, असा हा प्रकार आहे. सल्लागार मान्यताप्राप्त असावा लागतो हे खरे, तरी या रचनेवर जाणकारांनी सातत्याने बोट ठेवले आहे. दुसरा मुद्दा हंगामाचा. हवा, पाणी, माती यांची मूळ स्थिती बहुधा पावसाळा सोडून एका हंगामात मोजली जाते. कावेरीच्या मुखाकडील एखाद्या गावात मे महिन्यात गेलेल्या माणसाला कोरडा कालवा आणि भेगाळलेले शेत दिसेल. तोच माणूस नोव्हेंबरात गेला तर शेत, रस्ता आणि कालवा यांतला भेद त्याला सांगता येणार नाही. अहवालातील आकडे खोटे नसतील. पण ते कोणत्या महिन्याचे आहेत, हा प्रश्न गावाने विचारला पाहिजे, कारण त्याचे उत्तर गावालाच ठाऊक असते.

जनसुनावणीचा मांडव

आता नियम काय आहेत ते नीट पाहू. प्रस्तावकाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावयाचा. त्यासोबत मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश द्यावयाचा. हा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही असला पाहिजे. त्याच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक स्वराज्य संस्था अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवतात. सुनावणीची सूचना एका प्रमुख राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात छापून यावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवसांचा अवधी मिळावा लागतो. ज्या ठिकाणी वृत्तपत्र पोहोचत नाही तेथे ढोल वाजवून, म्हणजे आपल्या शब्दांत दवंडी पिटून, तसेच आकाशवाणी-दूरदर्शनवरून माहिती द्यावी, असेही अधिसूचनेत स्पष्ट लिहिले आहे. दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याला दवंडी आठवली, ही या कोरड्या दस्तऐवजातील मोठी माणुसकीची ओळ आहे.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घेतात. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. मंडळाचा प्रतिनिधी त्याच्या मदतीला असतो. सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. प्रस्तावकाच्या प्रतिनिधीने प्रथम प्रकल्प समजावून सांगावयाचा. त्यानंतर उपस्थितांपैकी प्रत्येकाला माहिती विचारण्याची आणि खुलासा मागण्याची संधी द्यावयाची. गणसंख्येची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरले जाते, म्हणून गावाने बहिष्कार टाकताना हा नियम ध्यानात घ्यावा. शेवटी कामकाजाचा गोषवारा तेथल्या तेथे, स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी त्यावर सही करावयाची असते. आपले वाक्य गोषवाऱ्यात आले नाही, किंवा ते उलटे लिहिले गेले, तर हरकत घेण्याची वेळ तीच. पुष्कळ लोक आपले बोलून झाले की घरी जातात. खरे तर अखेरपर्यंत थांबणे हेच या दिवसाचे महत्त्वाचे काम आहे.

तंजावर हा मिरासदारांचा मुलूख. 'मिरासदार' हा शब्द तेथेही तोच आणि आपल्याकडेही तोच. भातशेतीत लावणी आणि कापणी करणारे हात मात्र बहुतांशी भूमिहीन मजुरांचे, त्यांत स्त्रियांचे अधिक. जमीन संपादित झाली तर मोबदला सातबाऱ्यावर किंवा तेथील पट्ट्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. मजुराजवळ दाखवायला कागद नसतो. जनसुनावणीत कागद मागत नाहीत. परिसरात राहणाऱ्या, प्रकल्पाची झळ पोहोचणाऱ्या कोणाही माणसाला तेथे उभे राहून बोलता येते. मिरासदाराचे वाक्य आणि लावणी करणाऱ्या बाईचे वाक्य एकाच इतिवृत्तात, एकाखाली एक लिहिले जाते. निरक्षर माणसाने तोंडी सांगितलेले म्हणणेही तितकेच ग्राह्य असते. ज्याला येता येत नाही, त्याने लेखी निवेदन पाठवावे.

बोलावे कसे, हाही अभ्यासाचा विषय आहे. 'आमचा विरोध आहे' हे वाक्य नोंदवले जाते. पण त्याला प्रस्तावकाने काय उत्तर द्यावे, हे त्यात नसते. याउलट, 'नकाशात दाखवलेला हा ओढा कार्तिकात भरून वाहतो आणि त्याचेच पाणी खालच्या तीन वस्त्या पितात; विहिरीतून उपसलेले पाणी आपण कोठे सोडणार?' असे विचारले की उत्तर देणे भाग पडते. लोकांनी उपस्थित केलेल्या पर्यावरणविषयक महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल घेऊन प्रस्तावकाने अहवालात सुधारणा करावी, असा नियमच आहे.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हजार लोक 'नको' म्हणाले म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. म्हणणे तज्ज्ञ समितीपुढे जाते. निर्णय शासन घेते. तो मान्य नसेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. विलंबाचे सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. तमिळनाडूसाठी या न्यायाधिकरणाचे पीठ चेन्नईत आहे, महाराष्ट्रासाठी पुण्यात. अपिलात सुनावणीचे इतिवृत्त हा मोठाच पुरावा असतो.

वाट अरुंद होते

मिथेनचा प्रश्न मिटतो न मिटतो तोच २०१७ च्या फेब्रुवारीत पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल येथील हायड्रोकार्बन प्रकल्पाला केंद्राने संमती दिली आणि तेथे दीर्घ आंदोलन उभे राहिले. त्याच वर्षी ३० जून रोजी तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या वाहिनीतून गळती झाली आणि शेतात तेल पसरले. खनिज तेल काढण्याचे काम या प्रदेशात पूर्वीपासून चालू होतेच. आता त्याकडे पाहण्याची गावांची दृष्टी बदलली. ग्रामसभांनी ठराव केले.

अशा वेळी १६ जानेवारी २०२० रोजी केंद्र शासनाने २००६ च्या अधिसूचनेत दुरुस्ती केली. तेल व वायूच्या शोधासाठी विहिरी खोदण्याचे काम 'अ' वर्गातून काढून 'ब-२' मध्ये टाकण्यात आले. प्रत्यक्ष उत्पादनाला पूर्वीचे नियम कायम राहिले. शोधविहिरींसाठी मात्र जनसुनावणीची गरज संपली. शोध हे केवळ चाचपणीचे काम आहे, त्यासाठी इतका विलंब कशाला, अशी या बदलामागची भूमिका होती. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु विहीर खोदताना यंत्रे शेतातच येतात, आणि एकदा साठा सापडला की उत्पादन थांबवणे फार अवघड होते. ज्या वेळी बोलण्याचा उपयोग सर्वांत जास्त, तीच वेळ सुनावणीतून वगळली गेली.

तमिळनाडूचे मुख्यमंत्री एडप्पाडी पळनिसामी यांनी या दुरुस्तीला पत्राद्वारे विरोध केला. ९ फेब्रुवारी रोजी त्यांनी कावेरीचा त्रिभुज प्रदेश 'संरक्षित कृषी क्षेत्र' होणार असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला विधानसभेने तसा कायदा संमत केला. तेल, वायू, कोळशाच्या थरातील मिथेन यांचा शोध व उत्खनन, तसेच धातू वितळवण्याचे कारखाने, चर्मोद्योग इत्यादींचे नवे प्रकल्प त्या क्षेत्रात निषिद्ध झाले. जे आधीपासून चालू होते, त्यांना या कायद्याने हात लावलेला नाही.

भाषेचा प्रश्न

त्याच वर्षी केंद्र शासनाने २००६ च्या अधिसूचनेची जागा घेणारा नवा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केला. त्यात सुनावणीच्या सूचनेचा अवधी ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचे प्रस्तावित होते. मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. तंजावरच्या शेतकऱ्याला, रत्नागिरीच्या मच्छीमाराला किंवा चंद्रपूरच्या खाणीलगतच्या रहिवाशाला आपला सुनावणीचा हक्क कमी होत आहे, हे त्याच्या भाषेत कळण्याची सोय नव्हती. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषा त्या बावीसांत आहेत. देशभरातून लाखो हरकती दाखल झाल्या. तो मसुदा पुढे अंतिम अधिसूचना होऊ शकला नाही.

भाषेची ही तक्रार महाराष्ट्रालाही नवी नाही. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन येथे झाली, तेव्हा अहवालाच्या मराठी प्रती गावांत वेळेवर पोहोचल्या नाहीत, अशी तक्रार ग्रामस्थांनी केली होती. शेकडो पानांचा तांत्रिक अहवाल मराठीत आला तरी तो समजण्यास महिना पुरत नाही. सुनावणी तोंडावर आली असता तो हाती पडला, तर उरते ती केवळ कागदाची पूर्तता.

कायदा झाल्यावर कावेरीकाठची चिंता संपली असे मात्र नाही. २९ मार्च २०२३ रोजी केंद्रीय कोळसा मंत्रालयाने लिलावासाठी काढलेल्या कोळसा क्षेत्रांच्या यादीत वडसेरी, मायकेलपट्टी आणि सेतियातोप्पु (पूर्व) ही तीन नावे होती. वडसेरीचे क्षेत्र तंजावर व तिरुवारूर जिल्ह्यांतले. लिलाव आधी आणि पर्यावरणीय तपासणी व सुनावणी नंतर, असा या व्यवहाराचा क्रम असतो. त्यामुळे गावाला बोलण्याची रीतसर जागा अजून आलेलीच नव्हती. ४ एप्रिलला मुख्यमंत्री स्टालिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. ८ एप्रिलला केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ही तिन्ही क्षेत्रे यादीतून वगळल्याचे जाहीर केले. मिथेनच्या वेळी पाच वर्षे लागली होती, येथे दहा दिवस लागले. मधल्या काळात या गावांनी अधिसूचना वाचायला शिकून घेतले होते.

शब्दार्थ

अधिसूचना – शासनाने राजपत्रात प्रसिद्ध केलेला आदेश
प्रस्तावक – प्रकल्प मांडणारी व्यक्ती किंवा संस्था
आघात – (येथे) परिणाम
कार्यकक्षा – कामाची ठरवून दिलेली मर्यादा
गणसंख्या – सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती
इतिवृत्त – सभेच्या कामकाजाची लेखी नोंद
पट्टा – (येथे) जमिनीच्या मालकीचा तमिळनाडूतील दाखला

स्वाध्याय

१. मन्नारगुडी परिसरातील शेतकऱ्यांना पाणी उपसण्याची भीती का वाटली, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. 'जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे.' असे असूनही तेथे बोलण्याचा उपयोग काय, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. १६ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीमागील भूमिका व तिच्यावरील आक्षेप हे दोन्ही लिहा. आपणांस कोणती बाजू अधिक पटते आणि का?

४. आपल्या गावाजवळ दगडखाणीचा प्रकल्प येणार असून त्याची जनसुनावणी जाहीर झाली आहे, असे समजा. अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत उपलब्ध नाही. तो मिळावा म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यास सुमारे शंभर शब्दांत अर्ज लिहा.

५. आपल्या परिसरातील ओढा, विहीर किंवा तलाव पावसाळ्यात व उन्हाळ्यात कसा दिसतो, याची वयोवृद्ध व्यक्तींना विचारून नोंद करा.